दुसरं टेंडर

त्या वर्षी मी काही ठरवत नव्हते. भाजी कोणती करायची हेसुद्धा सासूबाई ठरवायच्या आणि मी चिरायला घ्यायचे. त्यामुळे घर घ्यायचं हे मी ठरवलं असं म्हणणं खोटं होईल. ते माझ्या हातून घडलं, एवढंच.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. पेणला रामवाडीत दोन खोल्या भाड्याने घेऊन मी आणि सासूबाई राहत होतो. आदल्या पावसाळ्यात माझा नवरा गेला. सकाळी छातीत दुखतंय म्हणाला, पाणी मागितलं, आणि पाणी येईपर्यंत संपलं होतं. मूलबाळ नव्हतं. म्हणजे सासू आणि सून यांना जोडणारा माणूसच मधून निघून गेला आणि आम्ही दोघी एका चुलीपाशी राहिलो. आमचं भांडण नव्हतं. भांडायला लागतो तेवढा जीवही दोघींपैकी कुणात नव्हता.

मी रोह्याला एका सरकारी कचेरीत कारकून होते. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, संध्याकाळी परत. कासू, नागोठणे, निडी ही स्टेशनं रोज लागायची, पण ती लागलेली मला आठवायची नाहीत. रोह्याला गाडी संपते म्हणून जाताना बरं होतं, उतरावंच लागायचं. येताना मात्र एकदा पेण मागे गेलं आणि मी जित्याला उतरले. तिथे बाकड्यावर तासभर बसून परतीची गाडी धरली. सासूबाईंना गाडी लेट होती असं सांगितलं. त्यांनी बरं म्हटलं. त्यांनाही उशीर झाल्याचं कळलं नसावं.

माघ संपता संपता घरमालक आले. त्यांचा गणपतीचा कारखाना होता, ऑर्डरी वाढल्या होत्या आणि मूर्ती सुकवायला जागा पुरत नव्हती. माणूस चांगला होता. चहा घेतला, नवऱ्याची आठवण काढली, गावात भाड्याच्या खोल्या कुठे कुठे मिळतील ते सांगितलं आणि मग म्हणाले, घाई नाही, पण वैशाखापर्यंत बघा. मी हो म्हटलं. मी कारणं विचारीन, मुदत मागीन, थोडं रडीनसुद्धा, अशी त्यांची तयारी होती. मी नुसतं हो म्हटल्यावर त्यांचा विरस झाला आणि ते उरलेला चहा न पिताच गेले.

दुसऱ्या दिवशी कचेरीत मी हे आमच्या हेडक्लार्कना सांगितलं, तेही जागेचा शोध म्हणून नाही, त्यांनी कसं काय विचारलं म्हणून. ते रोह्याचेच. दुसऱ्यांच्या अडचणींत ज्यांना स्वतःच्या अडचणींपेक्षा जास्त गोडी असते अशांपैकी. चार दिवसांनी त्यांनी एका साप्ताहिकाचं कात्रण माझ्या टेबलावर ठेवलं. एका पतसंस्थेने थकलेल्या कर्जापोटी रोह्याजवळच्या वरशातलं एक घर जप्त केलं होतं आणि ते टेंडर मागवून विकणार होती. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे न्हाणी, कौलारू छप्पर, दोन गुंठे जागा, सामाईक विहिरीवर हक्क. खाली राखीव किंमत दिली होती, एक लाख चाळीस हजार.

नवऱ्याच्या विम्याचे आणि फंडाचे पैसे आले होते आणि ते बँकेत तसेच पडून होते. त्या पैशांचं काय करायचं यावर सगळ्या नातेवाइकांची मतं होती, फक्त आम्हा दोघींचं नव्हतं.

हेडक्लार्क म्हणाले, "बाई, या टेंडरला कुणी हात लावणार नाही असं ऐकतो. राखीव किमतीलाच घर पदरात पडेल."

कुणी हात का लावणार नाही, हे मी विचारलं नाही. मला तोंड होतं, वेळ होता, समोर माणूस होता. तरी नाही विचारलं. एरवी मी बारा भानगडी काढणारी बाई. मटार घेताना चार शेंगा सोलून बघणारी. पण त्या दिवसांत कुणी काही सांगितलं की ते माझ्यात तसंच पडून राहायचं, पुढे सरकायचं नाही. कुणी भरणार नाही तर नाही. मी कात्रण पर्समध्ये टाकलं.

जेवणाच्या सुट्टीत रिक्षा करून वरशाला जाऊन आले. घर रस्त्यापासून थोडं आत होतं. अंगणात एक टेम्पो विटांवर उभा होता, चाकं काढलेली. सगळं कर्ज त्याच्यावरच काढलेलं, हे मागून कळलं. दार लोटलेलं होतं आणि दारावर नोटीस चिकटवलेली. आत माणसं होती, कुणीतरी भांडी घासत होतं. मी अंगणाच्या कडेला उभी राहून ती नोटीस वाचली. घर पाहायला गेले होते ते नोटीस पाहून आले. सही होती, शिक्का होता, जावक क्रमांक घातलेला नव्हता. ते मला खटकलं. दारामागे एक कुटुंब भांडी घासतंय हे खटकलं नाही.

विहिरीवर दोन बायका होत्या. एकीने विचारलं, "कोनाकडं आलाव?" मी म्हटलं, घर बघायला. तिने माझ्या कपाळाकडे पाहिलं, मग दुसऱ्या बाईकडे पाहिलं आणि हंडा उचलला. तोवर बाहेर रिक्षावाल्याने भोंगा वाजवला, म्हणून मी निघाले.

टेंडरचा फॉर्म मी पेणला घरी भरला. सासूबाई समोर बसून वाल सोलत होत्या. शेजारची एक बाई आली होती, तिने फॉर्म पाहिला आणि वर्षाच्या आत वास्तू घेतात का, असं विचारलं. सासूबाईंनी वालावरची नजर न काढता सांगितलं, "वर्षाच्या आत घर सोडायला सांगतात, ते चालतं वाटतं." शेजारीण गेली. कितीतरी महिन्यांनी सासूबाईंच्या तोंडून त्यांचं स्वतःचं असं एक वाक्य मी ऐकलं होतं.

रकमेचा रकाना आला. हेडक्लार्कनी बजावलं होतं की जास्त भरू नका, कुणी नाहीच आहे तर उगाच हजारभर का घालवायचे. म्हणून मी एक लाख चाळीस हजार लिहायला घेतलं. आणि तिथे माझा हात थांबला. त्या आठ महिन्यांत मी जी जी रक्कम दिली होती ती पूर्ण आकड्याची होती. भटजींना, गाडीवाल्याला, दहाव्याला आलेल्यांना. त्या कामात वर रुपया ठेवत नाहीत. लग्नामुंजीच्या पाकिटात ठेवतात, बारशाला ठेवतात, नव्या घरात जाताना ठेवतात. मला शून्यावर संपणारा तो आकडा पुन्हा लिहवेना. मी लिहिलं, एक लाख चाळीस हजार एक. अक्षरीही लिहिलं. खाली सही केली.

ते लिहिताना मला बरं वाटलं होतं, हे कबूल करायला हवं. अगदी किंचित. आठ महिन्यांत एवढी एकच गोष्ट मी पुढच्या दिवसांकडे बघून केली होती.

टेंडरं उघडली त्या दिवशी मी दुपारची सुट्टी घेतली. पतसंस्थेचं कार्यालय एका दुकानाच्या माडीवर होतं. वसुली अधिकारी, त्यांचा कारकून आणि दोन पंच. जिन्यापाशी वरशाची दोन माणसं उभी होती. माझ्या समोरच्या खुर्चीवर पन्नाशीची एक नऊवारीतली बाई बसली होती. मांडीवर कापडी पिशवी आणि तिला दोन्ही हातांचा विळखा. उन्हात काम केलेले हात होते, मिठागरावरच्या बायकांचे असतात तसे, बोटांच्या पेरांशी फुटलेले. मी तिच्याकडे पाहिलं ते एवढंच.

पेटीतून दोनच पाकिटं निघाली. अधिकाऱ्यांनी पहिलं फोडलं आणि त्या बाईचं नाव वाचलं. गाव पेणच्या खाडीकडचं. रक्कम बरोब्बर राखीव किमतीएवढी, एक लाख चाळीस हजार. जिन्यापाशी उभ्या असलेल्यांपैकी एकाने टोपी काढून डोकं खाजवलं आणि परत घातली. मग अधिकाऱ्यांनी माझं पाकीट फोडलं. त्यांनी रक्कम मनात वाचली, चष्मा काढून पुसला आणि मोठ्याने वाचली. मग पुन्हा एकदा वाचली.

टेंडर एकदा उघडलं की रक्कम वाढवता येत नाही, असं भिंतीवरच्या नियमांत छापलेलंच होतं. ती बाई थोडी पुढे झुकली आणि अधिकाऱ्यांना म्हणाली, "म्हंजी कुनाचं?"

अधिकाऱ्यांनी हातातल्या पेनने माझ्याकडे दाखवलं.

तिने माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यात. पिशवीचं तोंड उघडून तिने आत पाहिलं, पिशवी पुन्हा बंद केली आणि उठून जिना उतरली. ती दोन माणसंही मागोमाग गेली. मी पंधरा टक्के रक्कम भरली आणि पावती घेतली. मला काय वाटलं असं कुणी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की हिशोब जुळल्यासारखं वाटलं. उरलेली रक्कम पंधरा दिवसांच्या आत भरायची होती. विक्री कायम व्हायला आणखी काही दिवस लागणार होते.

चौथ्या दिवशी हेडक्लार्क माझ्या टेबलाशी आले. कधी नव्हे ते खुर्ची ओढून बसले.

"बाई," ते म्हणाले, "दुसरं टेंडर त्या कर्जदाराच्या बहिणीचं होतं."

मग हळूहळू सगळं सांगितलं. त्यांचे एक व्याही वरशाला होते, त्यांच्याकडून त्यांना आदल्या दिवशी कळलं होतं. गावाने ठरवलं होतं की या घरावर कुणी टेंडर भरायचं नाही. बहिणीने राखीव किमतीला घ्यायचं आणि भावाला राहू द्यायचं, तो जमेल तसे तिचे पैसे फेडील. बहिणीने त्यासाठी अंगावरचं सोनं मोडलं, सासरच्या माणसांचे चार बोल ऐकले आणि मिठागराच्या मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतली. बाहेरच्या दोघांनी फॉर्म नेले होते, एक नागोठण्याचा व्यापारी आणि एक ठेकेदार. गावातली माणसं जाऊन त्यांना सांगून आली आणि त्या दोघांनी ऐकलं. वर रुपया ठेवायचं बहिणीच्या मनातही आलं नव्हतं. भावाच्या घराची जप्ती हे काय शुभकार्य होतं?

हेडक्लार्क म्हणाले, "तुम्हालाच कसं कुणी सांगायला आलं नाही, तेवढं मला कळत नाही. तुम्ही फॉर्म नेलाय हे त्यांना ठाऊक होतं."

मलाही कळलं नाही. त्यावर डोकं चालवावं असंही वाटलं नाही.

ते तेवढ्यावर थांबले नव्हते. वसुली अधिकाऱ्यांना भेटून आले होते. उरलेली रक्कम भरायच्या आत मी एक अर्ज द्यायचा, कौटुंबिक अडचणीमुळे घर घेणं शक्य नाही असा. मग संस्था दुसरं टेंडर मान्य करील. माझी भरलेली रक्कम खरं म्हणजे जप्त व्हायची, पण ती परत मिळेल असं बघतो, असा शब्द अधिकाऱ्यांनी दिला होता. अधिकारी इकडचेच होते, त्यांनाही ते घर त्या कुटुंबातच राहायला हवं होतं. हेडक्लार्कनी अर्जाचा मसुदासुद्धा पेन्सिलीने करून आणला होता. मला फक्त शाईने उतरून सही करायची होती.

मी मसुदा घेतला. लिहिते म्हणाले.

अकरा दिवस होते. पहिले दोन-तीन दिवस मी मसुदा गाडीत काढून वाचला. अक्षर सुरेख होतं. "वरील कारणास्तव" असं लिहिलं होतं आणि वर कारण एकच होतं, तेही मोघम. मला वाटलं, आता वाईट वाटेल आणि वाईट वाटलं की मी लिहीन. मी वाईट वाटायची वाट पाहत राहिले. त्या बाईचे हात आठवून पाहिले. भांडी घासल्याचा आवाज आठवून पाहिला. काही झालं नाही. दात काढताना इंजेक्शन दिलेल्या हिरडीला जीभ लावून बघतात, तसं मी करत होते.

सातव्या-आठव्या दिवशी सासूबाईंनी जेवताना विचारलं, "सैपाकघराची खिडकी कुठल्या अंगाला आहे गं?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. घर मी आतून पाहिलेलंच नव्हतं. तरी मी म्हटलं, पूर्वेला. त्या म्हणाल्या, मग सकाळचं ऊन येईल. ताटात आणखी थोडा भात घेतला. तोवर त्या भात दुसऱ्यांदा घेत नव्हत्या.

त्यांच्यासाठी मी अर्ज दिला नाही, असं लिहून मोकळं होणं सोपं आहे. बरीच वर्षं मी स्वतःला तेच सांगत होते. ते खरं नाही. त्यांना मी सगळं सांगितलं असतं तर त्यांनी मला त्याच मिनिटाला पेन हातात दिलं असतं. त्या तशाच होत्या. मी सांगितलं नाही, कारण मला घर हवं होतं. आठ महिने मला काहीच नको होतं आणि आता एक गोष्ट हवी होती, आणि ती सोडायची तर पुन्हा काहीच नको असण्याच्या दिवसांत जावं लागणार होतं. ते मला नको होतं. एवढं निबर झालं होतं माझं मन की दुसऱ्याचं घर घेताना त्याला लाज वाटली नाही, फक्त आपलं जाईल याची भीती वाटली.

पंधराव्या दिवशी मी बँकेतून पैसे काढले आणि भरले. त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा हवी होती. हेडक्लार्कनी रजेच्या अर्जावर सही केली आणि कागद माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत ते माझ्याशी नीटच वागले, पण दुसऱ्यांच्या अडचणींचं माझ्याशी कधी बोलले नाहीत.

विक्री कायम झाली, ताब्याचा दिवस ठरला. चैत्र होता आणि सकाळपासूनच उकडत होतं. मी आणि सासूबाई वरशाला पोचलो तेव्हा वसुली अधिकारी आणि पंच आधीच आले होते. घरातली माणसं आदल्या दिवशी भावाच्या सासुरवाडीला गेली होती. पडवीच्या पायरीवर ती बाई बसली होती, एकटीच. घर सारवून, झाडून ठेवलं होतं. खुंट्यासुद्धा पुसलेल्या दिसत होत्या. टेम्पो नेलेला होता आणि त्याच्या जागी मातीत तेलाचे डाग होते.

पंचनामा झाला. दारं किती, खिडक्या किती, दिवे किती. सह्या झाल्या. अधिकारी निघताना माझ्याकडे न बघता म्हणाले, लखलाभ होवो.

ती बाई मात्र गेली नाही. तिने पदर खोचला आणि आम्हाला घर दाखवायला घेतलं. मागच्या दाराची कडी वर उचलून लावायची, नाहीतर वाऱ्याने निघते. मधल्या खोलीत पावसात एका जागी गळतं, तिथलं कौल बदलून काही उपयोग नाही, वासाच वाकलाय, खाली घमेलं ठेवायचं. विहिरीवर सकाळी लवकर जायचं, मग पाणी गढूळ होतं. शेजारच्यांची बकरी येते, तिला हाकलायचं, पण दगड मारायचा नाही, ती माणसं त्यावरून भांडतात. सैपाकघराची खिडकी पश्चिमेला निघाली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. तिच्याशी मात्र त्या बोलत होत्या. वालाला इकडची जमीन कशी आहे, मागे अळू कुणी लावलंय. दोघींचं इतकं सहज चाललं होतं की तिसरं कुणी आलं असतं तर तिने मलाच परकी ठरवलं असतं.

सासूबाई अळू बघायला मागे गेल्या. आम्ही दोघी पडवीत उरलो. तिने कनवटीची किल्ली काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "तुला म्हाईत नसंल गो बाय. ते दुसरं टेंडर मी उगा नव्हतं भरलं. ह्यो माज्या भावाचा घर."

त्याच वेळी मी सांगायला हवं होतं की मला माहीत आहे. मी म्हटलं, "मग मला सांगितलं का नाहीत?"

"आले व्हते," ती म्हणाली. "टेंडर भरायच्या आदी. तुज्या हापिसात आले व्हते. तू डबा उघडून बसली व्हतीस नि जेवत नव्हतीस. मी दारातच हुबी ऱ्हायले नि परत आले."

मी हातातली किल्ली उलटीसुलटी केली.

"त्या दोगांना सांगितला आमी. ते बापय गडी, धंदेवाले. पन तुजं वरीस झालं नव्हतं. दुखवट्याच्या घरी मागायला जातात काय कोन? गावातली मानसं बोलत व्हती, जा, सांग तिला. मीच नाय बोलले." ती जरा थांबली. "तुला सांगितलं असतं ना, तू लगेच मागं सरली असतीस. बघितलं ना मी तुला, तशी हाय तू. दुःखातल्या बाईच्या हातून घर सोडवून घेतलं असतं तर ते आमाला लाभलं असतं काय?"

तिने माझ्या दंडाला हात लावला. हात खरखरीत होता.

"सरली असतीस ना?" तिने विचारलं. तिला खात्री होती, तरी तिला ते माझ्या तोंडून हवं होतं. सोनं गेलं, घर गेलं, तेवढं तरी तिला बरोबर न्यायचं होतं.

"हो," मी म्हटलं. "लगेच."

तिने समाधानाने मान हलवली. मागे जाऊन सासूबाईंचा निरोप घेतला, चपला घातल्या आणि पेणची एसटी धरायला निघाली. रस्त्याच्या वळणापर्यंत ती दिसत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

मी पायरीवर बसले आणि मला रडू आलं. नवरा गेला त्या दिवशी आलं नव्हतं, दहाव्याला आलं नव्हतं. आता आलं ते आवरेना. शेजारच्या घरातून कुणीतरी डोकावून गेलं. सासूबाई मागच्या दाराने आल्या, हाताला माती होती. त्यांनी मला पाहिलं आणि त्यांना वाटलं, नव्या घरात पाऊल ठेवल्यावर मला त्यांच्या मुलाची आठवण झाली. त्या शेजारी येऊन बसल्या, पदराने माझं तोंड पुसलं आणि मग त्याही रडू लागल्या. इतक्या महिन्यांत आम्ही दोघी पहिल्यांदाच एकत्र रडत होतो. मी त्यांचा समज दूर केला नाही.